बाहीचे आकडे

तणाचा महिना, पौर्णिमा उलटल्यावर

मिल्डाताई,

तू आणि घरची सगळी सुखात असा. इकडे सातू कापून झाला, मेंढ्या धड आहेत. मी सांगते आहे आणि पाद्रीबाबा लिहिताहेत, मधेमधे नाकही मुरडताहेत. येताना नदीवरचा पूल वाहून गेलेला, त्यामुळे फार मोठा वळसा पडला.

येताना म्हणजे एल्वेनच्या सासरहून. ताई, आपली एल्वेन गेली. तापाचं निमित्त झालं. मी पोचले तोवर तिला आंघोळ घालून, सणाचे कपडे चढवून झाले होते. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. जेवते, मेंढ्या बघते, झोपते.

लग्नात तू आपल्या आईचे दोन खोलगट ब्रोच तिला दिले होतेस, ते पेटीत पडलेले. खांद्यांवर तिच्या सासरच्या अँगल लोकांचे लांबट ब्रोच आणि दोन्ही बाह्यांना मनगटाशी पितळी आकडे, त्यांच्या बायका बाही बंद करायला लावतात तसे. माझं डोकंच फिरलं. आपण सॅक्सन, आपल्या बायकांच्या बाह्या मोकळ्या. तिकडे आधीच गेलेली आपली आई तिला ओळखणार कशी?

विहिणीला म्हटलं, "हे काढा. माझी मुलगी आमच्या दागिन्यांत जाईल."

"अहो, भलतंच काय! आमची सून आहे ती. उघड्या मनगटांनी पाठवली तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"घालू दे. जन्म मी दिलाय."

सुरी घेऊन मी डावी बाही उसवायला बसले. दोन-चार टाके निघाले आणि हात थांबला. दोन टाके पुढे, एक मागे, गाठ आतल्या अंगाला. ही शिवण मी तिला शिकवलेली. लाल दोराही आपल्या घरचा.

"हे कोणी शिवलं?"

"तिनेच. मी म्हटलं, शिवून देते. तर म्हणे, सासूबाई, तुमचे टाके ढिले पडतात. आणि मग सणाला सगळ्यांना मनगटं दाखवत हिंडली, वेडी पोर."

मी सुई मागितली. दोरा ओवता येईना, तो विहिणीने ओवून दिला. उसवलेलं मीच परत शिवलं. घट्ट शिवलं. मग तिला खड्ड्यात ठेवलं.

आईचे ब्रोच हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवते आहे. ठेवून घे.

पाद्रीबाबा म्हणतात, देव सगळ्यांना ओळखतो. ओळखत असेल. आईचं काय? ती आपल्या ब्रोचांवर डोळे लावून बसली असेल, आणि पोर समोरून निघून जाईल. ताई, तू थोरली आहेस. माझ्याआधी गेलीस तर आईला एवढं सांग, बाह्यांना आकडे लावलेली ती मुलगी आपलीच आहे.

तुझी धाकटी,
एडबुर्ग