मिक्सर रोज आजऱ्याला जातो

१४ जुलै, सोमवार

लाईट बिल आलं! मामंजींनी ते जेवताना वाचलं – मोठ्यानं, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घालून माझ्या ताटाशेजारी सरकवलं. "घ्या. ही तुमची स्वस्तातली गाडी."

एरवीच्या चौपट बिल. धैर्यशील आमटीत बघत राहिला. नवरा म्हणून काही बोलेल असं वाटलं होतं, पण आमटी फारच महत्त्वाची होती. अमरभाऊजींना ठसका लागला – हसू दाबल्यामुळे.

मीही हबकले, खोटं कशाला लिहू. पण वर येऊन बिल नीट उलगडलं आणि गोम सापडली. घरात दोन एसी, बोअरची मोटार, गिझर – आधीच युनिट वरच्या दरात जातात. त्यावर माझी गाडी चढते, म्हणजे तिचा प्रत्येक युनिट सगळ्यात महाग. गाडी महाग नाही! मीटर एकच आहे, ते महाग आहे. गाडीला वेगळं मीटर घ्यायचं. उद्याच वीज कचेरीत जाते.

१५ जुलै, मंगळवार

कचेरीत मीटरसाठी जागेच्या मालकाची सही मागितली. मालक म्हणजे मामंजी! आता आली का पंचाईत.

१६ जुलै, बुधवार

पेट्रोलपंपवाल्याच्या घरात इलेक्ट्रिक गाडी आणली, हा माझा गुन्हा. गारगोटी रोडवर आमचा पंप, पंपाच्या मागंच आमचं घर. हंबीररावांचा, म्हणजे मामंजींचा पंप म्हटलं की कुणीही दाखवेल. आणि त्याच पंपासमोरून मी रोज सकाळी आवाज न करता आजऱ्याला निघते. लोक वळून बघतात. मामंजी बघत नाहीत. गाडी येऊन महिना झाला, त्यांनी तिला हातसुद्धा लावलेला नाही. "गाडी न्हाय ती, मिक्सर हाय," एवढंच एकदा म्हणाले. झालं! पंपावरच्या गुंडूपासून सगळे तिला मिक्सर म्हणतात.

आजऱ्याचा काजू कारखाना वडिलांनी माझ्या नावावर केला. ते गेल्यावर सासरी सगळ्यांना वाटलं, ही भाड्यानं देईल आणि घरी बसेल. मी रोज जायला लागले. जुनी डिझेल गाडी होती, डिझेल आमच्याच पंपावर. पण डिझेलबरोबर चौकशी फुकट मिळायची – कुठं निघालासा, परवाच तर भरलतं की, यायला उशीर का झाला. टाकी किती रिकामी झाली यावरून मी कुठं कुठं गेले ते संध्याकाळी जेवणात निघायचं. डिझेलला किती पडतं ते सगळ्यांना पाठ होतं. मला काय पडतं, ते कुणी विचारलं नाही.

आता घरी येते, वायर लावते, झोपते. कुणी काही विचारत नाही. हा फायदा गाडीच्या जाहिरातीत कुठंच छापत नाहीत!

२० जुलै, रविवार

आज जीभ घसरली. की नाही घसरली? लिहून बघते.

अमरभाऊजींनी गडहिंग्लजचा एक व्यापारी शोधलाय, कारखाना भाड्यानं घ्यायला तयार. जेवताना विषय काढला. "वहिनी, रोज जाऊन-येऊन एवढी वाट तुडवायची, वर टायर, इन्शुरन्स, लाईट. त्यापरीस दर म्हैन्याला घरबसल्या भाडं यील की."

मी म्हटलं, घरी बसायचंच नाहीये मला.

मामंजी म्हणाले, "बसू नगा. पर ती मिक्सर आज ना उद्या घाटात बंद पडणार. मग आमालाच टेम्पो घिऊन यायला लागंल."

आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दसऱ्यापर्यंत बघा. गाडी डिझेलपेक्षा महाग पडली, नाहीतर एक दिवस जरी तिच्यामुळं माझी आजऱ्याची फेरी चुकली, तर द्या कारखाना भाड्यानं! मी सही करते."

धैर्यशीलनं टेबलाखालून पाय दाबला – आता! महिनाभर कुठं होता हा पाय?

मामंजींनी पानाला चुना लावता लावता म्हटलं, "ठरलं."

मी लगेच मीटरचा अर्ज पुढं केला. पैज लावायची तर मैदान सरळ पाहिजे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि सही केली. पैजेच्या बाबतीत माणूस चोख आहे. कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून अजून बोलावतात ते उगाच नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मीटर बसलं. माझं मीटर! भिंतीवर दोघं शेजारी शेजारी – थोरलं घराचं, धाकटं मिक्सरचं. येता-जाता मी त्याच्याकडे बघते. अमरभाऊजी पण बघतात, चोरून.

२३ ऑगस्ट, शनिवार

चिमणाबाई आज गाडीत बसली. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. काजूचं टरफल फोडून फोडून तिच्या बोटांना काळे डाग पडलेत, ते कशानं निघत नाहीत. गारगोटीला लेकीकडे जायचं होतं, म्हटलं चल सोडते. बसल्या बसल्या म्हणाली, "सुरू कर की."

"झाली की सुरू."

"आवाज कुठाय?"

"नाहीच आवाज."

मग म्हणाली, "बरं हाय. घरात कुणाला कळायचं न्हाय कवा आलीस कवा गेलीस." आणि असली हसली की मलाच गाडी बाजूला घ्यावी लागली.

उताराला मी पाय काढला की बॅटरी थोडी थोडी भरते, ते तिला दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे उतरताना पैसं माघारी मिळत्यात?" मी म्हटलं, तसंच म्हण. "मग आमच्या एस्टीला का न्हाय मिळत?"

व्यापारी आला तर पहिल्यांदा जुन्या बायकांना काढणार, मशीन लावणार. हे तिला माहीत आहे. तिनं विषय काढला नाही, मीही काढला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

टायर फाटला. रस्त्यावरचा खड्डा, पाण्यानं भरलेला, दिसलाच नाही. स्टेपनी लावून आजरा गाठला – फेरी चुकली नाही! पण नवीन टायरची किंमत मी दुकानदाराला दोनदा विचारली. बॅटरीमुळे ही गाडी जड, म्हणून टायरही तसलाच लागतो आणि झिजतोही लवकर. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

अमरभाऊजींनी दारातच विचारलं, "टायर बी लाईटीवर चार्ज हुतोय का वहिनी?"

म्हटलं, "नाही, पण तुमच्या पंपावर हवा फुकट असते ना? तेवढी घेत जाईन."

धैर्यशील हसला. मोठ्यानं हसला! अमरभाऊजींसमोर. नोंद करून ठेवते.

२१ सप्टेंबर, रविवार

घटाच्या आदल्या दिवशी हिशेब मांडला. सगळ्यांसमोर, मागं काही लपवायचं नाही म्हणून. वीज, टायर, दोनदा हायवेवरच्या फास्ट चार्जरला लावली ते (घरच्यापेक्षा दुप्पटीहून महाग, तिथं परत जाणार नाही), सर्व्हिसिंग – त्यात ऑइल नाही, फिल्टर नाही, नुसतं तपासणं. इन्शुरन्सचा त्या महिन्यांचा वाटासुद्धा धरला, कारण तो डिझेल गाडीपेक्षा जास्त आहे आणि नाही धरला तर भाऊजी नाचतील.

टायरसकट सगळं मिळून डिझेलच्या निम्म्याच्या आसपास!

अमरभाऊजींनी दोनदा आकडे तपासले. मोबाईलवर. मग पाणी प्यायले.

मामंजी एवढंच म्हणाले, "दसरा अजून व्हायचाय."

होऊ दे. मी काय पळून चाललेय?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पहाटे मामंजी अंघोळ करून ताट घेऊन पंपावर गेले. पंपाची पूजा ते स्वतःच करतात, सोबत फक्त गुंडू, दिवा धरायला. मग अमरभाऊजींनी घरातल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार घातले. टेम्पोला, दोन्ही मोटारसायकलींना, भंगारात निघालेल्या जुन्या जीपलासुद्धा. मिक्सरला नाही. हार संपले म्हणे!

मी मंडईतून आणला आणि घातला. सगळ्यात मोठा.

तिन्हीसांजेला चार्जिंगची गन लावायला गेले तर आत जाईना. जोर लावला, अर्धवट गेली, स्क्रीनवर लाल अक्षरं. काढून परत लावली. तेच. बॅटरी अगदी तळाला आलेली – काल रात्री चुलत सासऱ्यांकडे आरतीला गेलो आणि म्हटलं उद्या एकदमच लावू. नेमकं कालच! उद्या दसरा. दिवाळीच्या मालाची पहिली गाडी उद्या आजऱ्याहून सुटणार, तिथं यंत्रांची पूजा, बायकांना ओवाळणी. नेमकं उद्याच!

सर्व्हिसवाला म्हणतो सकाळी माणूस पाठवतो, सण आहे, आज कुणी नाही.

आपोआप होत नाही हे. कुणीतरी केलंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

धैर्यशील म्हणाला, अमरची मोटारसायकल घे. नाही घेतली. रंकाळा स्टँडवरून सहाची एस्टी पकडली. चिमणाबाईनं मला एस्टीतून उतरताना बघितलं आणि नुसतं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "गाडी अडली असेल, मी आलेय ना? चल, नारळ फोड." माल चढला, पूजा झाली, सगळ्यांना ओवाळणी दिली. फेरी चुकली नाही! पण गाडीनं झाली नाही, हेही खरं. मामंजींसारखा पंच काय निकाल देणार ते मला माहीत होतं.

दुपारी परत आले तर सर्व्हिसचा माणूस काम संपवून बसलेला. सॉकेटमधून काय काय काढलं ते कागदावर ठेवलं होतं. वाळून दगड झालेलं हळदकुंकू. तांदळाचे दाणे. झेंडूची पाकळी. म्हणाला, "वहिनी, पिनांच्या भोकात दाबून बसवलं होतं हो. नशीब, काही जळलं नाही."

रागानं तो कागद तसाच उचलला, आत गेले, सगळे सोनं वाटायला जमले होते. पाहुण्यांसमोर कागद अमरभाऊजींच्या हातावर ठेवला. "हे घ्या तुमचं सोनं."

"वहिनी, मी न्हाय. आईशप्पथ."

"मग कुणी? पैज हरायला लागलात म्हणून गाडीच्या तोंडात माती घालायची? घाला! पैज गेली तर गेली. कारखाना मी कुणाला देत नाही. माझ्या बापानं मला दिलाय, सही मी करणार नाही. एस्टीनं जाईन, चालत जाईन, काय करायचं ते करा."

आवाज चढला होता, चढू दे. धैर्यशील उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

मामंजींनी तो कागद भाऊजींच्या हातातून घेतला. बराच वेळ बघितला. मग आपट्याची पानं तशीच ताटात ठेवली आणि न जेवता खोलीत गेले. पंचांना शब्द मोडलेला सोसला नाही. न सोसू दे!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अमरभाऊजी फणकाऱ्यात सांगून गेले – आबांनी, म्हणजे मामंजींनी, गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून फोन करायला लावला. कारण सांगेनात.

टायरमध्ये हवा भरायला गाडी पंपावर नेली. तिथं रांगेत सगळ्या पेट्रोलच्या नळ्या टांगलेल्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, आणि आत तोंडात चिकटून राहिलेला एखादा तांदूळ.

मी नुसती बघत राहिले. गुंडूला वाटलं मला हवाच किती भरायची ते आठवत नाहीये. मग तोच म्हणाला, "मालक दरसाल तोंडात अक्षता घालत्यात, वहिनी. पयल्या धारंला धुऊन जात्यात. तुमच्या गाडीचं काय आमास्नी ठावं न्हवतं. परवा समदं झाल्यावर मला दिवा घिऊन घराकडं चल म्हणालं. किल्ली आणली. गाडीभोवती दोनदा फिरलं. मग मला म्हणालं – 'हिचं तोंड कुठं असतंय रं? रोज पोरीला आजऱ्याला नेती-आणती, बिनपूजेची कशी ठेवायची?'"