ओटीचा नारळ

रविवार, संध्याकाळ. अमरावती.

दर्यापूरला नणंदेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला मी नारळ उचलला, तर सासूबाईंनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. वर चुलतसासूबाईंना म्हणाल्या, "तिले कोनी काई बोलू नका. तिले होत नाई, डॉक्टरनं सांगतलं. आपला प्रशांतच बोलला मले."

कोणता डॉक्टर? मूल नको हे प्रशांतनं अन् मी लग्नाआधीच ठरवलं. विषयही त्यानंच काढला होता. मग दोष एकटा माझ्याच पोटात कसा?

परत येताना गाडीत विचारलंच. शांतपणे म्हणाला, "आता तुले कोनी विचारत तं नाई ना?"

नाही विचारत. नारळालाही हात लावू देत नाहीत.