वारा माणसाच्या तोंडावर आला पाहिजे

३ मार्च, मंगळवार

प्रॉपेलर आला. तीन पाती, मधला हब, बोल्टची पिशवी आणि एक जाडजूड माहितीपुस्तक. पाती काळी कुळकुळीत. हातात घेतली आणि वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच दुसऱ्यांचे पंखे दुरुस्त करत बसलो.

लोकांच्या लेखी हा एअरबोटचा प्रॉपेलर. बोटीच्या मागच्या टोकाला उंचावर इंजिन, इंजिनाला हा बसवायचा, पाण्याला हातही लावायचा नाही, सगळा कारभार हवेत. माझ्या लेखी हा पंखा आहे. आणि पंख्यांत माझी हयात गेली. सीलिंग, टेबल, एक्झॉस्ट, काही म्हणा. पंखा तो पंखा.

माहितीपुस्तक चाळलं. पहिली कितीतरी पानं नुसत्या धोक्याच्या सूचना. कंपनीला सगळी घाबरट गिऱ्हाइकं मिळालेली दिसतात. पुस्तक टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवलं, टेबल आता स्थिर आहे.

४ मार्च, बुधवार

बायको आज माहेरी गेली. माहेर तलावाच्या पलीकडच्या काठावर, इथल्या धक्क्यावरून दिसतं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पूर्वी लाँच होती. आता तलावभर जलपर्णी माजलीय, लाँचचा पंखा पाण्यात, त्याला ती गुंडाळते. म्हणून लाँच बंद आणि बसने तलावाला वळसा घालायचा. अर्धा दिवस मोडतो.

हिला म्हटलं, येताना बस नको. रविवारी मी स्वतः एअरबोट घेऊन न्यायला येतो. जलपर्णीवरून लोण्यासारखे घसरत येऊ. तिने विचारलं, नक्की? म्हटलं, शब्द देतो. मग म्हणाली, ठीक आहे, तुम्ही न्यायला येईपर्यंत मी तिथेच राहते.

हा टोमणा होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर टोमणे ओळखता येतात मला. पुढच्या खोलीत इंजिन आणून ठेवल्यापासून तिचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. रविवारी परत बसेल.

घरात शांतता. कामाला फार बरी.

६ मार्च, शुक्रवार

प्रॉपेलर पुढच्या खोलीत जोडून पूर्ण. तिन्ही पाती हबमध्ये बसवली, पात्यांच्या तिरपेपणाचा अँगल लावला, बोल्ट आवळले. पुस्तकात म्हणे टॉर्क पाना वापरा, म्हणजे बोल्ट किती आवळला ते आकड्यात कळतं. माझ्या मनगटाला कळतं.

वेल्डर बघायला आला. याला सगळे ठिणगी म्हणतात. बोटीचा सांगाडा आणि प्रॉपेलरभोवतीची जाळी यानेच केली. माणूस चांगला, मी काही म्हटलं की मान डोलावतो. आज मात्र त्याने विचारलं, हा दारातून बाहेर कसा जाणार?

खिडकीतूनही जात नाही. तिरका करूनही नाही. घर बांधणाऱ्याने दूरचा विचार केलेला नव्हता.

७ मार्च, शनिवार

प्रॉपेलर सुटा केला. लावलेला अँगल गेला. खूण करून ठेवली होती का, असं ठिणगीने विचारलं. खूण डोक्यात आहे म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली.

जेवण: उकडलेली अंडी. कालही तीच. अंड्यात सगळं असतं.

८ मार्च, रविवार

धक्क्याजवळ बोटीवर प्रॉपेलर चढवला. हाताने एक फेरा दिला, तर एक पातं जाळीला खट्‌ लागलं. जाळी लहान. ठिणगी म्हणाला, माप तुम्हीच दिलं होतं. माप बरोबर होतं, पाती जरा जास्त लांब निघाली.

संध्याकाळी हिला फोन केला. आज जमणार नाही, टेक्निकल कारण आहे, पुढच्या रविवारी फिक्स. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. त्या एका शब्दात तिने माझी किती हजेरी घेतली ते मलाच माहीत.

१० मार्च, मंगळवार

जाळी मोठी झाली. आता अँगल, ही खरी कसबाची गोष्ट. प्रत्येक पातं हबमध्ये हवं तसं फिरवून मग आवळता येतं. पातं फार सपाट ठेवलं तर हवाच कापत नाही, फार तिरकं ठेवलं तर इंजिनाला धाप लागते. आणि तिन्ही पाती अगदी सारखी पाहिजेत.

नमुना म्हणून शिंप्याचा टेबल फॅन बोटीवर नेला. तो दुरुस्तीला आलाय, म्हणजे आला होता, मागच्या महिन्यात. इंजिनाशेजारी ठेवला, तोंड सीटकडे, जसं फॅनचं तोंड असतं तसं. पात्यांचा कल नीट न्याहाळला आणि प्रॉपेलरला हुबेहूब तसाच दिला. पुस्तकात पात्याची फुगीर बाजू कुठे असावी यावर एक अख्खं पान आहे, आकृतीसकट. मी ते वाचलं नाही. दुकान उघडलं त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: वारा माणसाच्या तोंडावर आला पाहिजे. वारा भिंतीवर गेला तर गिऱ्हाईक दोन शब्द सुनावून जातं.

शिंपी फॅन मागायला आला होता. शिवताना घाम कपड्यावर पडतो म्हणे. त्याला समजावलं की त्याचा फॅन सध्या मोठ्या कार्यात आहे.

१२ मार्च, गुरुवार

इंजिन चालू केलं. बोट अशी थरथरली की माझा चष्मा नाकावरून उतरून खिशाशी आला. ठिणगी दूर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, नव्या इंजिनाचा उत्साह आहे. पण दातही वाजायला लागले तेव्हा बंद केलं.

नाइलाजाने टेबलाखालचं पुस्तक काढलं. एक काठी पात्याच्या टोकाजवळ रोवायची, प्रॉपेलर हाताने फिरवायचा, तिन्ही टोकं काठीपासून सारख्या अंतरावरून गेली पाहिजेत. आमची तिन्ही तीन वाटांनी गेली. दिवसभर ढिलं कर, फिरव, आवळ, परत काठीशी बघ. शेवटी जमलं. थरथर जवळजवळ गेली. हे पुस्तकामुळे झालं असं म्हणता येणार नाही, मला असंच काहीतरी सुचत होतं.

घरी आलो. दोन कप चहा केला. एक कप कोणासाठी केला ते कळेना, मग दोन्ही प्यायलो.

१४ मार्च, शनिवार

फुल टेस्ट. पुस्तक म्हणतं, बोटीचा मागचा भाग झाडाला दोराने बांधा, म्हणजे पूर्ण जोर दिला तरी बोट पुढे पळणार नाही, आणि मग इंजिनाचे फेरे मोजा. बांधला. प्रॉपेलर डोळ्यांसमोर राहावा म्हणून सीटवर उलटा, इंजिनाकडे तोंड करून बसलो, थ्रॉटल दाबला.

काय वारा! थेट तोंडावर. केस मागे, शर्ट फुगलेला, डोळ्यांतून पाणी. म्हणजे वेग किती असेल बघा, आणि तोही बांधलेल्या अवस्थेत. फेरेही बरोबर आले.

दोर मात्र ताणला गेला नाही, उलट ढिला पडला. हलक्या प्रतीचा दोर. आणि बोटीचा मागचा भाग धाडकन झाडावर आपटला, सुकाणूचे दोन्ही पत्रे वाकले. झाड फार जवळ होतं. ठिणगीला म्हटलं तसं. त्याने झाडाकडे बघून मान डोलावली.

१५ मार्च, रविवार

पत्रे सरळ करायला टाकले. हिला फोन. पुढचा रविवार नक्की. तिने विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, सकाळी. म्हणाली, बरं.

वेळ विचारली म्हणजे चेष्टाच की. मागे सासूबाई काहीतरी बोलत होत्या, हिने फोनवर हात ठेवला. दोघी हसत असणार. हसा म्हणावं.

१८ मार्च, बुधवार

बोल्ट पुन्हा आवळले, इंजिन चालवल्यावर ढिले होतात. पातं पातं पुसलं. शिंपी धक्क्यावर येऊन गेला. त्याने फॅन मागितला नाही, नुसता उभा राहिला. हा प्रकार जास्त त्रासदायक.

ठिणगी म्हणाला, वहिनींना बसने आणून मग सावकाश बोट करा की. मी त्याला विचारलं, तू कोणाच्या बाजूने आहेस? प्रश्न बसचा नाही. चार माणसांत शब्द दिलाय. म्हणजे एका बाईला दिलाय, पण ती चार माणसांना सांगते.

आणि खरं सांगायचं तर घर खायला उठतं. हे फक्त इथेच लिहितोय.

२१ मार्च, शनिवार

तयारी पूर्ण. दाढी उद्या. निळा शर्ट स्वतः इस्त्री केला, एक बाही जरा पिवळी झाली, ती दुमडून घ्यायची. हिच्या सीटवर नवी उशी बांधली. पाठीला टेकूही केला, बसच्या धक्क्यांनी तिची कंबर धरते. उशीवर बसून बघितलं. ती काही बोलणार नाही, पण मनात म्हणेल, बसायला बरं केलंय.

२२ मार्च, रविवार, सकाळी

निघतोय. पलीकडच्या धक्क्यावर कोणीतरी उभं आहे असं वाटतं. ठिणगी आलाय, शिंपी आलाय, आणखी पाचपंचवीस रिकामटेकडे. बोटीचं तोंड बरोब्बर सासुरवाडीच्या दिशेला.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

थ्रॉटल दाबला. वारा झकास, मान मागे वळवली की थेट तोंडावर. बोट मागे सरकली आणि काठाच्या चिखलात बसली. पुन्हा ढकलली, पुन्हा मागे. तलावाला ओढ आहे काठाकडे. शिंपी म्हणाला, तलावाला ओढ कसली? त्याने शिवणकामापुरतं बोलावं.

मग मला सुचलं. बोट मागेच जाते ना, तर मागचं टोक पलीकडे करायचं आणि निघायचं. जगात एअरबोटींना रिव्हर्स नसतो असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय. माझ्या बोटीला आहे. टाळ्या पडल्या. हसल्याचाही आवाज आला, पण टाळ्या जास्त होत्या.

दुपारी, तलावाच्या मधोमध

इंजिन बंद. बोटीचं मागचं टोक बोथट, ते जलपर्णीवर चढत नाही, तिला पुढ्यात गोळा करतं. इथपर्यंत येता येता तिथे ढीग झाला, आता बोट इकडे नाही की तिकडे नाही. पायात पाणी आलंय. उशी डोक्यावर धरली आहे, तिला ओल लागायला नको. ऊनही लागत नाही.

हिचा फोन आला. ती धक्क्यावर उभी होती, सगळं बघत होती. म्हणाली, तुम्ही माझ्याकडे पाठ करून का येताय? मी म्हटलं, टेक्निकल कारण. मग म्हणाली, इंजिन चालू होतं तेव्हा तुमच्या समोरची जलपर्णी आडवी होत होती, मागची हलतही नव्हती. वारा मागे जायला हवा ना, म्हणजे बोट पुढे येईल. पाती उलट्या कलाने बसवली आहेत का?

मी म्हटलं, रेंज जातेय.

रेंज चांगली होती. वारा माणसाच्या तोंडावर. सगळा जन्म तेच करत आलो. कपाळाला हात लावायचा होता, पण एका हातात उशी होती, दुसऱ्यात फोन.

ठिणगी आणि शिंपी बांबूने होडी रेटत न्यायला येताहेत. ठिणगी अजून लांब आहे, तरी मान डोलावताना दिसतोय.

२३ मार्च, सोमवार

सकाळच्या बसने गेलो. बसमध्ये सगळी वाक्यं तयार केली. सुरुवात अशी होती की मुळात कंपनीची आकृती चुकीची.

ही घरी नव्हती, सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब आणायला गेली होती. सासूबाईंनी बसायला सांगितलं. डोळ्यावर काळा चष्मा, त्यामुळे त्या कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. मी वाक्याला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, ते राहू दे. तुम्हाला एक विचारते, रविवारी यायचं जमणार नसलं तर सकाळीच का कळवत नाही?

मी विचारलं, का?

त्या म्हणाल्या, तिन्ही रविवारी ही पहाटे उठली, पिशवी भरली, डबा केला, आणि धक्क्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, अगं, फोन तरी येऊ दे. तर म्हणाली, ते येतो म्हणालेत. पहिल्या रविवारी तुमचा फोन संध्याकाळी आला तेव्हाही धक्क्यावरच होती. दुसऱ्या रविवारी तिने तुम्हाला वेळ विचारली, कारण मी म्हटलं होतं की निदान उन्हात तरी बसू नकोस.

आजवर मला वाटत होतं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. नसता तर बरं झालं असतं.

ही आली. मी तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. चुकलो, म्हणालो. ती म्हणाली, शर्टाची बाही का दुमडली आहे? मी दाखवली. तिने जळका डाग बोटाने चोळून बघितला आणि म्हणाली, हा निघणार नाही.

दुपारच्या बसने परतलो. बसायला एकच जागा मिळाली, तिला दिली. तिची पिशवी मी हातात धरून उभा होतो. वळसा फार मोठा आहे.