माझ्या जागेवरची कुंडी

महानगर, लखनऊ
बुधवार

प्रिय मधुमती,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. हर्षवर्धनला येत्या रविवारपर्यंत माझं हो की नाही हवं आहे. महानगरचं हे घर भाड्याने द्यायचं आणि मी गोमती नगरला त्याच्या अकराव्या मजल्यावर राहायला जायचं. मला तिथे एक खोली मिळेल, तिच्या खिडकीतून समोरच्यांच्या खोल्या दिसतात. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. उरलंसुरलं मन वळावं म्हणून गेल्या रविवारी सहल निघाली.

शहरापासून तासाभरावर, दलदलीच्या काठी एक निसर्गकेंद्र झालंय. दोन गाड्या होत्या, एक हर्षची, दुसरी सूनबाईंच्या, म्हणजे पूर्वाच्या, भावाची. हा मयूर म्हणजे ज्याला प्रत्येक पक्षी बगळाच वाटतो. लाकडी पुलावरून आत जायचं, दुर्बिणीतून पाहायचं, बाहेर येऊन पुरीभाजी खायची. पूर्वाने माझ्यासाठी हनुवटीखाली बंद बांधायची टोपी आणली होती, लहान मुलांना घालतात तशी. मी ती घातली, कारण त्या दिवशी मी चांगलं वागायचं ठरवलं होतं. यशला मी सारसाची जोडी दाखवली. "दादी, वीडियो बनाना है, आपका फोन दो," म्हणून त्याने फोन घेतला तो घेतलाच. मी मराठीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो. आमचं त्यातल्या त्यात बरं चाललं आहे.

निघताना मी म्हटलं, आतल्या माणसाला दोन शब्द सांगून येते. कोणाला ऐकू गेलं, देव जाणे. भिंतीवरच्या फलकात इंग्रजीच्या सात चुका होत्या, आणि नन्सनी हातावर पट्ट्या मारून शिकवलेलं इंग्रजी मला अशा ठिकाणाहून गुपचूप निघू देत नाही. अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलं, सही ठोकली, बाहेर आले, तर दोन्ही गाड्या गेलेल्या.

हर्षला वाटलं मी मयूरच्या गाडीत, मयूरला वाटलं हर्षच्या. गाडी भरलेली दिसत होती, कारण पूर्वाने तिथल्या नर्सरीतून पामची कुंडी घेतली होती आणि ती माझ्या जागेवर ठेवली होती. पडू नये म्हणून तिला पट्टाही लावला होता, असं नंतर कळलं. माझी एवढी काळजी कोणी घेतल्याचं आठवत नाही.

फाटकावरच्या दीनानाथने विचारलं, "अम्मा जी, छूट गईं क्या?" मी म्हटलं, "छूटी नहीं हूँ, रुकी हूँ. चिड़ियाँ देख रही हूँ." तो म्हणाला, "चिड़ियाँ तो उधर हैं." मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्याने चहा दिला, आपला फोन पुढे केला. फोन मी नको म्हटला. किती वेळ लागतो, ते मला पाहायचं होतं.

दोन तास दहा मिनिटं लागली. हर्ष उतरला तो पांढराफटक. पण दीनानाथला पाहून ओशाळला आणि हसत म्हणाला, "मम्मी ने खुद ही कहा था, तुम लोग निकलो, मैं थोड़ा बैठूँगी." मग माझ्याकडे वळून, "हो ना गं आई?" मी हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसले. ते मला विसरले म्हणून नव्हे; माणसं विसरतात. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मीच ते एकदा वापरलं होतं.

मधुमती, बारा वर्षांपूर्वी हर्षचं लग्न ठरलं आणि मला तुझी खोली हवी होती. तुला मी सांगितलं, तू आता नागपूरला राहावंस असं तुझ्या दादांना वाटतंय, पण त्यांच्याच्याने म्हणवत नाही, तू विषय काढू नकोस. त्यांना सांगितलं, मधुमतीलाच जायचंय, तिला अडवू नका. तुम्ही दोघं सभ्य भावंडं, एकमेकांना विचारलं नाहीत. तुझी बॅग गाडीत चढवून ते घरी आले आणि आठ दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत. गेले तेही, बहीण आपल्याला सोडून गेली, असंच समजून गेले. तेराव्याला तू आलीस आणि लॉजवर उतरलीस. तेव्हा तरी मला सांगता आलं असतं. मी पंगतीचं पाहत होते.

हर्षला मी आजच नाही म्हणून टाकलं. घर राहील, मी राहीन, तुझी खोली झाडून ठेवली आहे. नुसतं 'राहायला ये' एवढं लिहिलं असतं, तर तू आलीही असतीस. म्हणूनच आधी हे सगळं लिहिलं. आता ये किंवा येऊ नकोस, पण या वेळी तुझं म्हणणं तुझ्याच तोंडून येऊ दे.

तुझीच म्हणवण्याइतकी उरले असेन तर,
शर्मिष्ठा वहिनी