अकरा वर्षांचा फरक

सिबू, ९ मे १९८८

आदरणीय जिंबुनमामा,

मंगाटचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला आणि मी लग्न करत नाही म्हणून आलेला राग, यांतलं आधी काय बरं झालं तेही कळवा. मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही नदीकाठच्या डेपोत ओंडके मोजता आणि मी इथे कचेरीत ते आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर चढवतो. (मामी याला "रेघोट्या" म्हणतात.) वीस वर्षांत कुठल्या देशाने किती कठीण लाकूड विकलं, कुणी किती घेतलं, सगळं त्यात आहे. फिलिपीन्सची रेघ उतरत उतरत तळाला टेकली. इंडोनेशियाने ओंडके पाठवणं बंद केलं तशी त्यांची धाडकन पडली. आपली मात्र चढतेच आहे, आणि ती चढली की साहेब खूश. अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या आपल्या लांबघरामागे ज्या झाडांत मी लहानपणी हरवायचो, ती आता त्या रेघेत असतील.

तर मामा, आपण विकलेलं लाकूड आणि जपानने घेतलेलं लाकूड, हे आकडे कधीच जुळत नसत. ओंडका आतून पोकळ निघाला की तुम्ही पोकळी वजा करता. योकोहामाच्या कचेरीत पोकळीसकट मोजत. त्यामुळे दर एप्रिलला तिथल्या कुमारी हिसाए ओगुरींचं पत्र येई : "मंगाट-सान, आपला फरक यंदाही वाढला." (आपला! हा शब्द मी किती वेळा वाचला, ते विचारू नका.) मी उत्तरात पोकळीवर चार-चार पानं लिहायचो. पोकळ ओंडक्यावर थाप मारली की कसा आवाज येतो, तेसुद्धा. एकदा त्यांनी पाकिटात कचेरीसमोरच्या झाडाचं पिवळं पान घातलं, "नमुना म्हणून". ते कुठल्या रकान्यात चढवायचं, मला अजून कळलेलं नाही.

अकरा वर्षं मी त्यांना पटवत होतो, आणि यंदा त्यांना पटलं. योकोहामानेही पोकळी वजा केली. आकडे जुळले! साहेबांनी कचेरीभर कम्पुआ नूडल्स वाटल्या, माझी पाठ थोपटली. मी माझा वाडगा शेजारच्या टेबलावर सरकवला. एप्रिल सरला, पत्र नाही. जुळलेल्या आकड्यांबद्दल कोण कुणाला काय लिहिणार? टपालवाला लांबूनच ओरडतो, "काही नाही रे बाबा, जा आत!" मामा, मला त्यांची फार आठवण येते. ज्या माणसाला कधी पाहिलंच नाही त्याची आठवण येते म्हणजे काय, हे मामींना विचारू नका. त्या सांगतील.

तुमचा,
मंगाट

ता. क. : गेल्या वर्षीच्या मोजणीत तुमची एखादी चूक आठवते का? लहानशी चालेल, एका पत्रापुरती. (तीस वर्षांत एकही चूक नाही म्हणून डेपोत तुमचा सत्कार झाला, मी टाळ्या वाजवायला होतो. तरी आठवून पाहा.)

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच टपाल आलं. कुमारी ओगुरी लिहितात, "जी पोकळी मी कधी पाहिलीच नाही, ती वजा करताना हात अडतो. जूनमध्ये तुमचा गावाईचा, सुगीचा सण झाला की स्वतः बघायला येते. सगळं मोजायला किती दिवस लागतील?" मी लगेच तार करून कळवून टाकलंय, की आमचे मामा फार सावकाश मोजतात. तेव्हा वरची चूक राहू द्या. अख्ख्या डेपोत तुमच्याइतकं भराभर कुणी मोजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मामा, तुमच्या पाया पडतो, तोवर गुडघा बरा होऊ देऊ नका.