बाळ वाचलं असतं तर

आई, माझी नवी कादंबरी आली. आठवी-नववी-दहावीतल्या मुलामुलींसाठी लिहिलेली. मागच्या पानावर एका लाल गोलात छापलंय, ‘वय १५ वर्षांपुढे’. तो गोल पाहिल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या बाबतीत दुसरं कोणी आठवत नाही.

मी सातवीत होते. आपल्या मळ्यातली भाजी घेऊन तू अमरावतीच्या बाजारात बसायचीस आणि तुझी टोपली रिकामी होईपर्यंत मी वाचनालयात. एकदा मी जाडजूड कादंबरी उचलली तर टेबलावरच्या काकांनी ती काढून घेतली. “हे मोठ्यांचं आहे. लहान मुलांचं कपाट तिकडे.” मी रडत तुझ्याकडे आले. तू पदराला हात पुसलेस, भाजी शेजारणीच्या भरवशावर ठेवलीस आणि माझ्यासोबत निघालीस.

“केवढी झाली म्हंजे देसान तिले?” तू विचारलंस.

“अठरा वर्षांची झाली की.”

“माहं लगन त्याच्या आंधीच झालं. तवा कोनी थांबा म्हनलं नाई.” काका रजिस्टर चाळू लागले. मग तूच म्हणालीस, “माह्या नावावर द्या. मी वाचतो.”

मला वाटलं, ही नुसती युक्ती. पण घरी आल्यावर तू पुस्तक मला दिलंच नाहीस. स्वतः वाचायला बसलीस. चौथीपर्यंत शिकलेली तू, ओठ हलवत, एकेक ओळ. अजून दिसतंय मला. तू चुलीपुढे बसली आहेस, मांडीवर पुस्तक, बाजूला तुरीच्या शेंगांचा ढीग. सोलता सोलता पान उलटतेस आणि कोपऱ्यावर तुझ्या बोटाचा हिरवट डाग उमटतो. मी चिडून सारखी विचारते, “झालं का?” तू मान वर करत नाहीस. “वाचून राहिली ना मी. तुले कायची घाई?”

शेवटी एकदाचं पुस्तक हाती ठेवलंस. “घे. मधात एका बाईचं लेकरू जाते. तिथं तुले रडू येईन. एकटी नोको बसू, माह्यापाशी ये.”

मी आले. तू भाकर थापत होतीस. माझे डोळे पाहून तुझा हात थांबला. “माहंबी एक गेलं होतं,” तू म्हणालीस. “तुह्या आंधी. पोरगा होता.”

“मग?”

“मंग काय? चार दिवस पडून राहिली, मंग वावरात गेली.” आणि भाकर तव्यावर टाकलीस. त्या दिवसापर्यंत तू मला फक्त माझी आई वाटायचीस.

माझ्या कादंबरीतही एक बाळ जातं. नायिका चौदा वर्षांची आहे, जातो तो तिचा भाऊ. छपाईआधी पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला. भल्या बाई आहेत. म्हणाल्या, “शाळा घेणार नाहीत हो. पालक भांडायला येतात. बाळ वाचवलंत तर ‘बारा वर्षांपुढे’ लिहू, नाहीतर पंधरा.” मला राग आला, पण त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. दुकानात हे पुस्तक चित्रांच्या पुस्तकांत जाऊन पडलं आणि एखाद्या सहा वर्षांच्या पोराने घरी नेलं तर? काहीतरी खूण हवीच. फक्त कोणत्या घरात केव्हा काय घडून गेलंय, हे त्या आकड्याला कळत नाही.

मी बाळ वाचवूनही पाहिलं. अकोल्याच्या या घरात खिडकीपाशी बसून ते प्रकरण नव्याने लिहिलं. डॉक्टर वेळेवर पोचले, बाळ रडलं, सगळे हसले. वाचून पाहिलं तर नायिकेने पुढे जे जे केलं होतं, त्याला काही कारणच उरेना. शिवाय या वयाच्या मुलांना खोटं लगेच ओळखू येतं. आपल्याला जपून जपून सांगतायत असं वाटलं की ती पुस्तक मिटतात. मी ती पानं फाडली आणि फोन केला, “पंधरा छापा.”

तुझी नात तेरा वर्षांची आहे. परवा कॉलेजात शिकवून घरी आले तर ती पलंगावर पालथी पडून तेच पुस्तक वाचत होती, संपत आलं होतं. लाल गोलाबद्दल विचारलं तर म्हणाली, “तो कोण बघतं?” मग नाक मुरडून, “आई, आमच्या वर्गात कोणी असं बोलत नाही. ‘अगं मैत्रिणी’ काय!” तिचं बरोबर होतं. मी हसले. तीही हसली, आणि थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “ते बाळाचं खरं आहे का गं? आपल्याकडे झालं होतं?”

सांगायला किती चांगली वेळ होती, आई. ती माझ्याजवळ सरकून बसली होती.

मी म्हटलं, “नाही गं. गोष्ट आहे ती,” आणि चहा ठेवायला उठले. चाळिशी ओलांडली माझी, पण तेवढं सांगण्याएवढी मी अजून मोठी झालेली नाही.