टकटक केल्याशिवाय आत येऊ नये

मी, धंद्याने सुतार, स्वभावाने खडूस, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (आणायची छाती आहे कोणाची?) माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती ऑटिस्टिक आहे. कालच पंधरा वर्षांची झाली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझ्यामागे तिची आत्या इथे येऊन राहील. तसा आत्याचा होकार आहे. मुलीला कोणत्याही संस्थेत हलवू नये.

२. रंधे, करवती, पटाश्या माझ्या जुन्या कारागिराला. धार लावायचा कंटाळा केलास, तर स्वप्नात येईन.

३. आता खरी मालमत्ता. लहानपणी मुलगी बंद दार दिसलं की धाडकन उघडायची, शेजाऱ्यांच्या बाथरूमचंसुद्धा. मग मी शिकवायला घेतलं: बंद दार, टकटक, 'ये' ऐकू आलं की आत. रोज तेच, रोज तेच. शेवटी शिकली. पण कुठलं दार, हे सांगायचं मी विसरलो. कपाट, फ्रिज, कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेली नवी दारं, सगळ्यांवर टकटक. फ्रिजच्या वतीने 'ये' मी म्हणायचो. धाकटा भाऊ हसायचा, "दादा, पोरगी लाकडाशी बोलते. ठेव हिला कुठेतरी." हे वाक्य मी विसरलेलो नाही, म्हणून इथे नोंदवलं.

४. गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी आपला नेहमीसारखा आत घुसलो.

"बाबा, टकटक नाही केलीस."

बाहेर आलो. टकटक केली. उत्तर नाही. उभा राहिलो. जन्मभर दारं बनवली, पण दारापुढे इतका लहान होऊन कधी उभा राहिलो नव्हतो. त्या फळीपलीकडे एक अख्खा माणूस स्वतःचं ठरवत बसला होता.

"ये," ती म्हणाली. मी अंगावरचा भुसा झटकून आत गेलो.

५. म्हणून अट: आत्या असो, डॉक्टर असो की वकील, तिच्या दारावर टकटक करून थांबावं. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजावं. घराला आग लागल्यास टकटक जोरात करावी. अट मोडणाऱ्याचा इथला मुक्काम त्याच दिवशी संपेल.

६. धाकट्याला काही नाही. रागाने नव्हे, तो साक्षीदार आहे आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. बरं, थोडं रागानेही. तो आत्ताच आला आणि "कुठंय आमची पुतणी?" म्हणत थेट तिच्या खोलीत शिरला.

"काका, बाहेर. टकटक."

आणि काय सांगू, माझा भाऊ, जो आईबापाच्या शब्दाने कधी जागचा हलला नाही, मुकाट बाहेर आला.

ठिकाण: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: मुलीच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस
लिहून ठेवणार: तिचा बाबा (सही)
साक्षीदार पहिल्या: शेजारच्या नर्सबाई (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही बाकी. टकटक करून तिच्या दाराबाहेर उभा आहे. 'ये' अजून आलेलं नाही.)